बालवीर पथकांत पुढारी कोण?

(गांवच्या शाळेंत बालवीरांचें व वीरबालांचें पथक निघालें, त्या प्रसंगीं पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



 आपल्या शाळेंत मुलांसाठीं बालवीरांचें, म्हणजे स्काउटांचें, आणि मुलींसाठीं वीरबालांचें, म्हणजे गाइडांचें, पथक निघत आहे. मुलांना गणवेश मिळेल, गळ्यांत रुमाल येईल, झेंड्यास सलामी देतांना तीं शोभून दिसतील. एवढ्यावरच आपलें समाधान होणार असेल, तर आम्हांस बोलण्याचें कारण नव्हतें. पण आम्ही आपणांस एक प्रश्न विचारावयास आलों आहों. ह्या पथकांत पुढारी कोण? गुरुजी, कीं मुलें?

कोणी म्हणेल, "हा काय प्रश्न झाला? मोठ्यांनीं सांगावें, लहानांनीं ऐकावें." असें म्हणणाऱ्यानें आमचें थोडें ऐकून घ्यावें, एवढीच विनंति आहे.

शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरांत मूल काम शिकत नाहीं असें कोण म्हणेल? दहा वर्षांचा पोरगा गुरें राखतो. बारा वर्षांची पोरगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन चूल सांभाळते. जबाबदारी आमच्या मुलांस नवी नाहीं. नवी आहे ती दुसरीच गोष्ट. चारचौघांत बसून आपलें मत सांगणें, दुसऱ्याचें ऐकणें, कामें वांटून देणें, ठरलें तें पार पाडणें, आणि फसलें तर उभें राहून "माझें चुकलें" असें म्हणणें, हें त्यांना कोणी करूंच दिलेलें नसतें. घरीं "गप्प बस", शाळेंत "हाताची घडी घालून बस", आणि पुढें कचेरींत "साहेब कामांत आहेत, तिकडे बाहेर बस". जन्मभर बसावयास शिकलेला माणूस ग्रामसभेंत उभा कसा राहणार? सोसायटीच्या वार्षिक सभेंत हिशेब वाचला जातो. आंकडा चुकला आहे हें आमच्या माणसास कळतें. पण तो तें शेजाऱ्याच्या कानांत सांगतो, उठून विचारीत नाहीं. त्याच्यापाशीं अक्कल कमी असते काय? मुळींच नाहीं. सवय नसते. ही सवय लहानपणीं लागते, आणि ती लावण्याचें एक साधन म्हणून आम्ही बालवीर पथकाकडे पाहतों.

विहिरींतलें पोहणें

आपण पोराला पोहावयास कसें शिकवितां तें आठवा. त्याच्या पाठीस सुकलेला भोपळा बांधतां, कंबरेस दोर बांधतां, दोराचें टोंक हातांत धरून काठावर उभे राहतां आणि म्हणतां, "टाक उडी." पोरगा गटांगळ्या खातो, ओरडतो, त्याच्या नाकातोंडांत पाणी जातें. दोर ताणून त्याला अधांतरीं धरून ठेवलें, तर तो दहा वर्षांतही पोहणार नाहीं. दोर सोडून काठावर गप्पा मारीत बसलांत, तर पोरगा हातचा जाईल. दोर सैल सोडावयाचा, पण हातांतून टाकावयाचा नाहीं, आणि नजर पाण्यावरून काढावयाची नाहीं. चार दिवसांनीं दोर निघतो, पुढें भोपळाही निघतो, आणि एके दिवशीं तोच पोरगा धाकट्या भावाच्या कंबरेस दोर बांधतो.

बालवीर पथकांत मोठ्या माणसाचें काम हेंच. तें सोपें आहे असें मात्र समजूं नका. स्वतः करणें सोपें. दुसऱ्याला करूं देणें आणि उघड्या डोळ्यांनीं जवळ उभें राहणें कठीण.

ही पद्धत आली कोठून?

१८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत इंग्रज आणि बोअर यांची लढाई जुंपली. माफेकिंग नांवाच्या लहान गांवास बोअर लोकांनीं वेढा घातला. तो २१७ दिवस चालला. गांव राखणारा इंग्रज अधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल. त्याच्यापाशीं माणसें थोडीं, म्हणून त्याच्या हाताखालच्या लॉर्ड एडवर्ड सेसिल ह्या अधिकाऱ्यानें गांवांतील गोऱ्या पोरांचें एक पथक उभें केलें. निरोप पोंचविणें व असलींच हलकींसलकीं कामें त्यांस दिलीं, म्हणजे तेवढीं मोठीं माणसें लढण्यास मोकळीं झालीं. पोरांचा नायक वॉर्नर गुडईयर हा अवघा तेरा वर्षांचा. वेढा चालू असतां तेथें छापलेल्या टपालाच्या तिकिटावर ह्याच मुलाचें, सायकलवर बसलेलें, चित्र आहे. आम्ही त्या वेढ्याची आरती ओंवाळीत नाहीं. ती साम्राज्याची लढाई होती, आणि वेढ्यांत अन्न तुटलें तेव्हां त्याची झळ तेथील काळ्या रहिवाशांस सर्वांत अधिक लागली. जें खोटें तें खोटें म्हणावें. पण मुलांवर खरें काम टाकलें तर मुलें तें करतात, हा धडा बेडन-पॉवेल तेथून घेऊन गेला, आणि तो धडा खरा आहे.

१९०७ च्या ऑगस्टांत त्यानें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें. कांहीं मुलें ईटन, हॅरो असल्या बड्या शाळांतील, म्हणजे जमीनदार-सरदारांच्या घरचीं. कांहीं जवळच्या पूल व बोर्नमथ ह्या गांवांतील कामकऱ्यांचीं. त्या काळच्या इंग्लंडांत हीं दोन प्रकारचीं मुलें एका तंबूंत निजणें ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या चार टोळ्या केल्या: लांडगा, बैल, डोंबकावळा आणि कर्ल्यू नांवाचा पाणपक्षी. प्रत्येक मुलाच्या खांद्यावर आपल्या टोळीच्या रंगाच्या लोंकरीची गांठ. प्रत्येक टोळीस तिच्यांतलाच एक मुलगा नायक. रोज रात्रीं एका टोळीनें पीठ, मांस, भाजी, चहा असा शिधा घेऊन दूर ठरलेल्या जागीं जावयाचें, चूल पेटवून आपलें आपण रांधावयाचें, पहारेकरी नेमावयाचे. पहारा नीट आहे कीं नाहीं हें पाहण्यास बेडन-पॉवेल स्वतः अंधारांत सरपटत येई. दोर सैल होता, पण हातांत होता, तो असा.

पुढची हकीकत आम्हांस फार आवडते. १९०८ सालीं त्याचें पुस्तक पंधरवड्याच्या अंकांनीं निघालें. तें मुलांनीं विकत घेऊन वाचलें, आणि कोणाचा हुकूम नसतां ठिकठिकाणीं आपल्या टोळ्या केल्या. टोळी आधीं झाली, मग "आम्हांला शिकवाल काय?" म्हणून मुलें मोठ्या माणसांस शोधावयास निघालीं. १९०९ च्या सप्टेंबरांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथें हजारों बालवीरांचा मेळावा भरला. तेथें कांहीं मुलीही बालवीरांचा पोशाख करून, कोणी बोलाविलें नसतां, येऊन उभ्या राहिल्या, आणि "आम्हांसही कांहीं द्या" असें म्हणाल्या. त्यांतूनच १९१० सालीं गाइड चळवळ निघाली. मायबहिणींनो, वीरबालांचें पथक हें कोणी मुलींवर उपकार म्हणून दिलेलें नाहीं. मुलींनीं तें मागून घेतलें आहे.

टोळी, नायक आणि नायकांची पंचायत

आतां आपल्या पथकाची घडण पाहूं. आपल्या देशांत भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था हें काम चालविते. बालवीर आणि वीरबाला साधारण दहा ते सतरा वर्षांच्या. सहा ते आठ जणांची एक टोळी, आणि अशा दोन ते चार टोळ्यांचें एक पथक. पथकाचे मोठे माणूस म्हणजे मुलांकडे स्काउटमास्तर आणि मुलींकडे गाइड कॅप्टन.

टोळींत एक नायक, त्याच्या जोडीस एक उपनायक. पण बाकीचे पांचसहा जण म्हणजे नुसती पलटण नव्हे. एकाकडे शिधा, एकाकडे भांडीं आणि दोर, एकाकडे पैशाचा हिशेब, एकाकडे नोंदवही, एकाकडे औषधाची पेटी. बलुतेदारींत जसें गांवाचें एकेक काम एकेका घराकडे असे, तशी ही वांटणी. फरक एवढाच, कीं येथें कोणतेंही काम कोणाच्या जन्मास चिकटलेलें नाहीं. आज जो भांडीं घांसतो तो पुढच्या महिन्यांत हिशेब लिहितो, आणि हिशेब लिहिणारा भांडीं घांसतो. ह्यांत ढिलाई होऊं देऊं नका. झाडलोट सदा एकाच वस्तीच्या मुलाकडे आणि नोंदवही सदा दुसऱ्याच आळीच्या मुलाकडे, असें दिसूं लागलें तर समजा, कीं पथक मोडलें, गणवेश तेवढे राहिले.

सहलीला कोठें जावें, हें आधीं टोळींत बोलावयाचें. सगळ्यांत लहान मुलानेंही बोलावयाचें. मग नायकानें टोळीचें म्हणणें घेऊन नायकांच्या सभेंत जावयाचें. ह्या सभेला इंग्रजींत कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. आपण तिला नायकांची पंचायत म्हणूं. पंचायत म्हटल्यावर आपणांस जुनी जातपंचायत आठवेल, तर ही ती नव्हे. येथें कोणाला वाळींत टाकावयाचें नसतें आणि दंडाचें जेवण उकळावयाचें नसतें. महिन्याचा कार्यक्रम, जमलेल्या वर्गणीचा खर्च, कोणी नियम मोडला तर त्याचें काय करावें, हे विषय तेथें निघतात. कोणी काय ठरविलें तें वहींत लिहून ठेवतात. स्काउटमास्तर तेथें असतो, पण सल्ला देण्यापुरता. त्यानें आधींच "माझ्या मतें असें करावें" म्हटलें, कीं सभा संपली. पोरें माना डोलावून उठतात. शहाणा मास्तर शेवटीं बोलतो, आणि बहुतेक वेळां प्रश्नच विचारतो: "पाऊस आला तर?" "तिथें प्यावयाचें पाणी आहे का?" "परत येतांना शेवटची एस.टी. किती वाजतां?"

तर मग मास्तरानें शिकवावयाचें कोणाला? नायकांना. लोहाराच्या भट्टीवर आपण पाहतां, उस्ताद सांडशीनें लोखंड धरतो आणि लहान हातोडीनें नुसतें टक् करून जागा दाखवितो. घण घालतो तो दुसरा. लोखंडाला आकार येतो तो दोघांमुळें. मास्तरानें चार नायकांना बाजूस घेऊन गांठी, नकाशा, मलमपट्टी शिकवावी, आणि नायकांनीं आपापल्या टोळीला. आणि गांठींचेंच म्हणाल, तर सुरगांठ कोणती व निरगांठ कोणती हें बैलाला दावें बांधणाऱ्या पोराला मास्तराहून बरें ठाऊक असेल. मग त्या पोरानें मास्तराला शिकवावें. त्यांत मास्तराचा मान जात नाहीं. उलट पोराला पहिल्यांदा कळतें, कीं घरीं शिकलेलें ज्ञान हेंही ज्ञानच आहे.

दोन शिबिरें

आम्हीं स्वतः पाहिलेल्या दोन शिबिरांची हकीकत सांगतों. गांवांचीं नांवें घेत नाहीं, कारण कोणास खालीं पाहावयास लावणें हा आमचा हेतु नाहीं.

पहिलें शिबिर मोठें होतें. तंबू मांडववाल्याच्या माणसांनीं ठोकले. स्वयंपाकास आचारी. मुलें सकाळीं नऊ वाजतां रांगेंत उभीं केलीं, पाहुणे साडेअकराला आले. दोन मुलींना भोंवळ आली. आम्हीं एका नायकाला विचारलें, "बाळ, तुझ्या टोळींत किती मुलें?" त्यानें उत्तर देण्याआधीं मास्तराच्या तोंडाकडे पाहिलें. मागाहून कळलें, कीं तो गांवांतील एका वजनदार गृहस्थाचा मुलगा, आणि गणवेशाच्या खर्चांत त्या गृहस्थांचा हात मोठा. मुलगा वाईट नव्हता. त्याला नायकाची पट्टी मिळाली होती, नायकाचें काम कोणीं दिलेंच नव्हतें. असल्या शिबिरांत मुलगा काय शिकतो? पुढारी म्हणजे ज्याच्या छातीवर पट्टी तो, आणि काम करणारे दुसरे. हें शिकविण्यास पथक कशाला हवें? तें तर बाहेर फुकट शिकावयास मिळतें.

दुसरें शिबिर एका लहान शाळेच्या मुलींचें, ओढ्याकांठच्या माळावर. एका टोळीची नायिका कुंभाराची तेरा वर्षांची मुलगी. पहिल्या रात्रीं भात करपला. तो तसाच खाल्ला. रात्रीं पाऊस आला. तंबूभोंवतीं पाण्यासाठीं चर खणला होता, पण तो उताराच्या खालच्या अंगास. वरचें पाणी सरळ तंबूंत शिरलें आणि अंथरुणें भिजलीं. गाइड कॅप्टन बाई रात्रभर जाग्या होत्या. त्यांनीं मुलींस कोरड्या शाळागृहांत नेलें, सगळ्यांस पुसावयास कोरडे कपडे दिले, कोणाला ताप नाहीं हें पाहिलें. पण चराबद्दल चकार शब्द काढला नाहीं. सकाळीं टोळी बसली. ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "चर खालीं खणा असं मीच सांगितलं होतं. चुकलं माझं. आज वरच्या अंगाला खणूं." सर्वांत लहान पोरीनें विचारलें, "पण पाणी वळून जाईल कुठं?" मग त्यांनीं माळावर पाणी ओतून पाहिलें, तें कसें धांवतें तें बघितलें आणि चर खणला. दुसऱ्या रात्रीं पाऊस पुन्हां आला. तंबू कोरडा राहिला.

कांहीं पालक मागाहून तक्रार घेऊन आले, कीं बाईंनीं आमच्या मुलींस करपलेला भात खाऊं घातला. बाई म्हणाल्या, "होय, मीही तोच खाल्ला." आम्ही म्हणतों, त्या मुलीनें त्या सकाळीं जें वाक्य उच्चारलें, तें म्हणतां न आल्यामुळें मोठमोठे कारभार बुडालेले आम्हीं पाहिले आहेत.

दोर हातांतून टाकूं नये तो कोठें?

आतां दुसरी बाजू. कोणी आळशी मास्तर आमचें हें बोलणें ऐकून म्हणेल, "झकास! मुलांनींच करावयाचें, तर मी घरीं झोंपतों." त्याच्यासाठीं दोन गोष्टी सांगणें भाग आहे, आणि त्या दुःखाच्या आहेत.

१९१२ च्या ऑगस्टच्या ४ तारखेस लंडनमधील वॉलवर्थ ह्या गरिबांच्या वस्तींतील बालवीरांचें पथक शिडाच्या होडींतून शिबिरास निघालें होतें. लेजडाउनच्या किनाऱ्याजवळ एकाएकीं वाऱ्याचा झोत आला आणि होडी उलटली. बरोबर मोठीं माणसें होतीं, त्यांनीं मुलांना वांचविण्याची शिकस्त केली, तरी नऊ मुलें बुडालीं. मोठीं माणसें जवळ असतांही असें घडतें, तर तीं नसतांना काय होईल? म्हणून पाणी, आग, वीज, रस्त्यावरची वाहनें, उंच कडा आणि दुखणें ह्या बाबतींत शेवटचा शब्द मोठ्या माणसाचा. विहिरींत किंवा धरणांत उतरावें कीं नाहीं, हा नायकांच्या पंचायतीनें मतें मोजून ठरविण्याचा विषय नव्हे.

दुसरी गोष्ट बोलावयास जड जाते, पण आयाबहिणींसमोर ती बोललीच पाहिजे. अमेरिकेंतील बॉय स्काउट्स ह्या शंभर वर्षांहून जुन्या संस्थेनें २०२० च्या फेब्रुवारींत दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण, लहानपणीं पथकांतील मोठ्या माणसांनीं आपल्यावर लैंगिक अत्याचार केले असें सांगणारे लोक एकामागून एक कोर्टांत जाऊं लागले. अर्जानंतर असे ८० हजारांहून अधिक दावे दाखल झाले. सुमारें २४६ कोटी डॉलरांच्या भरपाईची योजना २०२३ सालीं अमलांत आली. संशयित माणसांचीं नांवें संस्थेच्या दप्तरांत वर्षानुवर्षें गुप्त पडून होतीं; पालकांस त्यांचा पत्ता नव्हता. बांधवांनो, गणवेशाकडे पाहून माणसावर विश्वास टाकूं नये, हा त्यांतला धडा आहे.

म्हणून कांहीं नियम आपल्या पथकांत पहिल्या दिवसापासून पाळले जावे, आणि ते पाळले जातात कीं नाहीं हें आपण, पालकांनीं, विचारीत जावें. शिबिरांत किंवा सहलींत कमींत कमी दोन मोठीं माणसें हवीं. मुलींबरोबर बायकाच हव्या. कोणाही मोठ्या माणसानें एकट्या मुलाला आडजागीं किंवा बंद खोलींत नेऊं नये. मोठ्यांनीं मुलांच्या तंबूंत झोंपूं नये. "हें घरीं सांगूं नकोस" असें कोणी मुलाला म्हटलें, तर मुलानें तें आधीं घरींच सांगावें. मारहाण नाहीं. मास्तराच्या घरचें पाणी भरणें, त्याची गाडी धुणें, ही बालवीरांची सेवा नव्हे. पैशाचा हिशेब मुलांनीं लिहावा, मोठ्यांनीं तपासावा आणि पालकांपुढें उघडा ठेवावा.

आणि येथें आमच्या पहिल्या प्रश्नाशीं गांठ पडते. ज्या मुलाला फक्त ऐकावयास शिकविलें, तें वाईट माणसाचेंही ऐकतें. ज्या मुलानें टोळींत बसून नायकाला "हें बरोबर नाहीं" असें म्हटलें आहे, त्याला मोठ्या माणसालाही "नाहीं" म्हणण्याचें बळ थोडें तरी येतें. म्हणून मुलांच्या हातीं कारभार देणें ही चैन नव्हे. तें त्यांच्या रक्षणाचेंच एक अंग आहे. पण हें रक्षण पोरांच्या धीरावर सोंपवून मोठ्यांनीं मोकळें व्हावयाचें नाहीं. अपराध झाला तर तो मोठ्याचा, आणि तो अडविणें हेंही मोठ्यांचेंच काम.

नायक कोणास करावें?

आपल्या देशांत स्काउटिंग १९०९ सालीं बंगळूरास सुरू झालें, तें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतें. हिंदी मुलांस त्यांत जागा नव्हती. त्यांच्या हातीं शिस्त आणि संघटना देण्याची सरकारास भीति वाटे. तेव्हां आपल्या लोकांनीं आपलीं पथकें काढलीं. मद्रासेस अ‍ॅनी बेझंट व अरुंडेल यांनीं, प्रयागास सेवा समितीच्या नांवानें मालवीय, कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं ह्या वेगळाल्या संस्था एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली, आणि पुढच्या वर्षीं मुलींची गाइड संस्थाही तींत आली. म्हणजे "पुढारी होण्यास लायक कोण?" हा प्रश्न ह्या चळवळीस पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे. गोऱ्यांनीं आमच्या मुलांबद्दल जो संशय धरला, तोच संशय आपण आपल्याच गांवांतील गरिबाच्या, दलिताच्या, भटक्याच्या मुलाबद्दल धरूं, तर आपण काय शिकलों? प्रत्येक बालवीर दुसऱ्या बालवीराचा भाऊ, हें स्काउटांच्या नियमांत स्पष्ट आहे. तो नियम पाठ म्हणवून घेणें सोपें; एका ताटलींत वाढून पाहा, म्हणजे कळेल.

नायक निवडतांना टोळीला विचारावें. बापाचें वजन पाहूं नये, परीक्षेंतले गुण पाहूं नयेत, मोठा आवाजही पाहूं नये. सहल संपल्यावर भांडीं उचलावयास मागें कोण राहतो, लंगडणाऱ्या मुलाच्या बरोबरीनें कोण चालतो, तें पाहावें. त्याला नेमल्यावर त्याला चुकूं द्यावें, आणि पहिल्या चुकीला पट्टी काढून घेऊं नये. कांहीं महिन्यांनीं दुसऱ्यासही संधि द्यावी.

आपलें काम

मास्तरांचें सांगून झालें. आतां आपलें. आपण मुलाला महिन्यांतून दोन दिवस कामांतून मोकळें करा. नुकसान होईल, आम्ही जाणतों. मुलीला तर आणखी जड जाईल, कारण घरचें काम तिच्याच डोक्यावर असतें. तरी करा. शिबिराहून आल्यावर "बक्षीस काय मिळालें?" असें विचारूं नका. "तुमच्या टोळीनें काय ठरविलें? तुला तें पटलें का?" असें विचारा. घरांतही एखादी गोष्ट त्याला ठरवूं द्या: परसांतल्या वाफ्यांत काय लावावें, कोंबड्यांचें खुराडें कोठें बांधावें. वाफा वाळला तर दोन रुपयांचें बीं जाईल, पण कां वाळला हें त्याला जन्मभर आठवेल.

आणि पथक हें एकट्या मास्तराचें काम समजूं नका. त्यासाठीं रीतसर शिक्षण असतें; पहिला वर्ग, पुढें हिमालय वुड बॅजपर्यंत. आपल्या शिक्षकांस तें घेऊं द्या, शाळेनें त्यांना त्यासाठीं मोकळीक द्यावी. पण दोर वळणें कोणाला येतें? ओढ्याला पूर केव्हां येतो हें कोणाला कळतें? पट्टीचा पोहणारा कोण? हीं माणसें ह्याच सभेंत बसलीं आहेत. दोन जाणत्या माणसांनीं आणि दोन जाणत्या बायकांनीं पथकाबरोबर जाण्यासाठीं आजच नांवें द्यावीं. त्यांना लांब भाषणें करावयाचीं नाहींत. काठावर उभें राहावयाचें, दोर हातांत ठेवावयाचा, आणि पोरगा गटांगळी खाऊं लागला तर लगेच ओढावयाचा कीं एक श्वासभर थांबावयाचें, हें ओळखावयाचें.

मग पुढारी कोण? टोळीचा कारभार मुलांचा. त्यांच्या जिवाची, शरीराची आणि अब्रूची राखण मोठ्यांची. ह्या दोहोंची सरमिसळ करूं नये. मोठ्यांनीं कारभार हिसकावून घेतला तर पथक म्हणजे बाहुल्यांचा खेळ. मोठ्यांनीं राखण सोडली तर पथक म्हणजे उघडी विहीर.

नांवें देण्यासाठीं वही गुरुजींच्या टेबलावर ठेविली आहे. वही मुलांनींच आंखली आहे आणि नांवेंही तींच लिहून घेणार आहेत. उठतांना तिकडे जावें, एवढी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.